अस्वल, बकरी, उंदीर आणि अंतराळवीर: कोणत्या प्राण्याकडून नेमकं काय शिकता येतं?

प्रश्नाचे दोन भाग आहेत. प्राण्यांच्या शरीरक्रियांवरच्या संशोधनाचा माणसाच्या अंतराळप्रवासाला प्रत्यक्षात काय उपयोग होतो? आणि अस्वल हिवाळाभर निजून राहतं तसं माणसाला निजवून मंगळावर नेता येईल का?

पहिल्याचं उत्तर: उपयोग मोठा आहे. फक्त मथळ्यांत गाजणाऱ्या प्राण्यांपेक्षा तो पिंजऱ्यातल्या साध्या उंदराकडून जास्त झाला आहे, तेही जिथे नियंत्रण गट, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेले प्राणी, नीट ठेवला होता तिथे. दुसऱ्याचं उत्तर सध्या तरी नाही असंच आहे. बहुतेकांना वाटतं की अडचण शरीर थंड करण्यात आहे. ते तुलनेनं सोपं. घोडं अडतं ते नायट्रोजनपाशी; त्याचा हिशेब पुढे दिला आहे.

'प्राण्यांवरचं संशोधन' या एका नावाखाली दोन वेगळी कामं चालतात. एकात प्राणी माणसाच्या जागी वापरला जातो: उंदराला भारहीन अवस्थेत ठेवायचं, हाडं-स्नायूंचं काय होतं ते पाहायचं, औषध देऊन पुन्हा पाहायचं. दुसऱ्यात, जो प्रश्न आपल्याला छळतो तो ज्या प्राण्यानं उत्क्रांतीत आधीच सोडवला आहे त्याच्याकडे जायचं. महिनोन् महिने हलायचं नाही तरी हाड झिजू द्यायचं नाही, मान दोन मीटर लांब असली तरी मेंदूला रक्त पुरवायचं, असे ते प्रश्न. डॅनिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांनी १९२९ मध्ये सांगून ठेवलं होतं की अनेक प्रश्नांसाठी असा एखादा प्राणी असतो, ज्याच्यावर तो प्रश्न सर्वांत सोयीनं अभ्यासता येतो. या दोन कामांची गल्लत झाली की निष्कर्ष फसतात.

बकरी का, उंदीर का नाही

योग्य प्राणी निवडणं म्हणजे काय, याचं उत्तम उदाहरण अंतराळयुगाच्या पन्नास वर्षं आधीचं आहे. खोल पाण्यातून वर येणाऱ्या डायव्हरांच्या रक्तात आणि ऊतींत नायट्रोजनचे बुडबुडे होत. सांधे दुखत, कधी लकवा होई. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधल्या दाबकक्षात बकऱ्यांवर प्रयोग केले आणि १९०८ मध्ये दाब उतरवण्याची कोष्टकं प्रसिद्ध केली.

लहान प्राणी इथे कामाचे नव्हते. उंदराचं रक्ताभिसरण शरीराच्या मानानं इतकं जलद असतं की विरघळलेला वायू पटकन बाहेर पडतो आणि त्याला हा आजार सहसा होतच नाही. बकरीच्या ऊतींतून नायट्रोजन हळू निघतो, माणसाच्या बराच जवळ जाणाऱ्या गतीनं. शिवाय तिला त्रास झाला की दिसतो: दुखणारा पाय ती उचलून धरते. मोजायला सोपं आणि वाद घालायला जागा नाही असं लक्षण मिळणं ही प्रयोगात अर्धी लढाई असते.

आज स्पेसवॉकच्या आधी हेच तत्त्व वापरलं जातं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात दाब १०१.३ किलोपास्कल, त्यात नायट्रोजनचा वाटा ८० च्या आसपास. अमेरिकी स्पेससूटमध्ये शुद्ध ऑक्सिजन, दाब सुमारे २९.६. थेट सूट घालून बाहेर पडलं तर ऊतींतला नायट्रोजन आणि सूटचा दाब यांचं गुणोत्तर २.७ होतं. हॉल्डेन यांचा 'दाब एका वेळी निम्मा करा' हा नियम नायट्रोजनच्या भाषेत १.५८ इतका येतो. मग आधी ऑक्सिजनवर श्वास घ्यायचा. सर्वांत मंद ऊतींतला नायट्रोजन निम्मा व्हायला ३६० मिनिटं धरली, तर चार तासांनी ८० चे सुमारे ५० उरतात आणि गुणोत्तर १.७ वर येतं. सूटमध्येच ऑक्सिजन घ्यायचा झाल्यास चार तासांचा मुक्काम असतो तो यामुळे. त्या वेळात व्यायाम केला तर स्नायूंतलं रक्ताभिसरण वाढतं आणि वेळ कमी लागतो. मास्क मध्येच काढून साधी हवा घेतली तर मात्र गेलेला नायट्रोजन परत आत शिरतो, आणि काढलेल्या मिनिटांपेक्षा जास्त वेळ भरून द्यावा लागतो.

शेपटीला टांगलेला रॅट

हाडं आणि स्नायू हा अंतराळवैद्यकाचा सर्वांत जुना प्रश्न. व्यायाम अपुरा असेल तर अंतराळवीराच्या खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला १ ते १.५ टक्क्यानं उतरते. लायका सगळ्यांना माहीत असते, पण शरीरक्रियेच्या दृष्टीनं तिच्यापेक्षा कितीतरी जास्त माहिती १९६६ मध्ये कॉसमॉस-११० मधून २२ दिवस फिरून आलेल्या व्हेतेरोक आणि उगोल्योक या दोन कुत्र्यांनी दिली: परतले तेव्हा अशक्त, स्नायू उतरलेले, अंगातलं पाणी आणि कॅल्शियम घटलेलं.

दर प्रश्नासाठी प्राणी कक्षेत पाठवणं परवडत नाही. म्हणून १९७० च्या दशकाच्या अखेरीस नासाच्या एम्स केंद्रात रॅटचे, म्हणजे उंदराच्या मोठ्या जातभाईचे, मागचे पाय अधांतरी ठेवण्याची पद्धत विकसित झाली. शेपटीला चिकटपट्टीचा पट्टा बांधून तो वरच्या दांडीवर सरकणाऱ्या, गोल फिरणाऱ्या कडीला अडकवतात. शरीर साधारण ३० अंशांनी डोक्याकडे उतरतं. हा कोन मुद्दाम निवडलेला आहे: त्यात पुढच्या पायांवर शरीराचं जवळपास निम्मं वजन येतं, म्हणजे चालताना असतं तितकंच. त्यामुळे पुढचे पाय त्याच प्राण्यातला नियंत्रण गट ठरतात, आणि डोक्याकडे सरकलेल्या द्रवाचा परिणामही पाहता येतो. दोन आठवड्यांत पोटरीचा सोलियस स्नायू, जो उभं राहण्याचं काम सतत करतो, तिसऱ्या हिश्शानं किंवा त्याहून जास्त घटतो. शेजारचे जलद स्नायू त्या मानानं कमी घटतात. अंतराळातही क्रम हाच.

पद्धत दिसते सोपी, बिघडते पटकन. पट्टा आवळला तर शेपटीचा रक्तपुरवठा अडतो. शेपटी हा रॅटचा उष्णता बाहेर टाकण्याचा अवयव, म्हणून ती गुलाबी आहे की निळसर पडली आहे हे रोज पाहावं लागतं. कडी अडकली तर प्राणी पिळवटून घेतो. मागचा पंजा भिंतीला किंवा जाळीला टेकू लागला तर भार पडतो आणि हाड वाचतं. मग वाटतं औषधानं वाचवलं. पहिले दोन-तीन दिवस खाणं कमी होऊन वजन उतरतंच. म्हणून नुसता मोकळा पिंजरा हा नियंत्रण गट पुरत नाही. एक गट असा हवा ज्याच्या शेपटीला पट्टा आहे पण चारही पाय जमिनीवर आहेत, आणि त्याला टांगलेल्या गटानं खाल्लं तेवढंच तोलून द्यायचं. शेवटी अॅड्रिनल ग्रंथी आणि थायमस यांचं वजन करायचं. अॅड्रिनल फुगलेली आणि थायमस आक्रसलेली दिसली, तर आपण भारहीनता कमी आणि ताण जास्त मोजला असं समजायचं.

उंदरांच्या प्रयोगात आणखी दोन खोड्या आहेत. पहिली वयाची. आठ-दहा आठवड्यांचा उंदीर अजून वाढत असतो. त्याचं हाड अंतराळात कमी भरलं, तर ती झीज नसते, वाढ खुंटलेली असते. चाळिशीतल्या अंतराळवीराला ते लागू करता येत नाही. दुसरी तापमानाची. प्रयोगशाळेत २२ अंश सेल्सिअस माणसांना सुखाचं असतं, पण उंदराला स्वतःला गरम ठेवायला जादा ऊर्जा जाळावी लागत नाही ती पातळी ३० च्या आसपास असते. २२ अंशांवर ठेवलेल्या वाढत्या माद्यांचं जाळीदार हाड जमिनीवरच, काही न करता घटतं. उबदार ठेवलं तर ते थांबतं. ही झीज अंतराळाच्या खात्यात टाकली गेली तर सगळा हिशेब चुकतो.

कक्षेतल्या प्रयोगाला तर वेगळेच काच. स्थानकातल्या हवेत कार्बन डायऑक्साइड पृथ्वीच्या साधारण दहापट असतो. म्हणून जमिनीवरचा नियंत्रण गट तशाच पिंजऱ्यात, तशाच हवेत, स्थानकातून आलेल्या तापमान-आर्द्रतेच्या नोंदी काही दिवसांच्या अंतरानं जशाच्या तशा लावून ठेवतात. तरुण उंदीर काही दिवसांत सरावतात, आणि त्यातले काही पिंजऱ्याच्या भिंतींवरून गोल गोल धावत सुटतात. ती धाव म्हणजे स्वतःच कमावलेला भार. चित्रीकरण पाहिलं नाही तर एका उंदराचं हाड दुसऱ्यापेक्षा चांगलं का, हे कळणार नाही. शिवाय एका पिंजऱ्यातले उंदीर एकमेकांची विष्ठा खातात, आतड्यातले जीवाणू वाटून घेतात. अशा एका कप्प्यातले पाच उंदीर ही पाच स्वतंत्र निरीक्षणं मानणं सांख्यिकीच्या दृष्टीनं धाडसाचं आहे, तरी प्रबंधांत ते सर्रास दिसतं. ऊती कशा जतन केल्या यानंही फरक पडतो: कक्षेतच विच्छेदन करून गोठवलेलं यकृत आणि पूर्ण शरीर गोठवून नंतर काढलेलं यकृत यांच्या जनुकांच्या नोंदी इतक्या वेगळ्या येतात की उड्डाणाचा परिणाम त्यात झाकला जाऊ शकतो. आणि यंत्रं बिघडतात. २०१३ च्या बियॉन-एम१ मोहिमेत ४५ उंदरांपैकी निम्म्याहून जास्त ३० दिवसांनी जिवंत परतले नाहीत.

एवढं सांभाळून केलेल्या प्रयोगांतून मिळालं ते मात्र भक्कम आहे. डिसेंबर २००१ च्या शटल उड्डाणात उंदरांना ऑस्टिओप्रोटेजेरिन हे हाड झिजवणाऱ्या पेशींना आवरणारं प्रथिन देऊन पाहिलं. ते स्वतः औषध झालं नाही, पण त्याच साखळीवर काम करणारं डेनोसुमॅब २०१० मध्ये बाजारात आलं. जुलै २०११ च्या शेवटच्या शटलमध्ये स्क्लेरोस्टिन, म्हणजे हाड घडवण्याला लगाम घालणारं प्रथिन, अडवणारी अँटिबॉडी तपासली. त्याच वाटेवरचं रोमोसोझुमॅब २०१९ मध्ये मान्य झालं. औषधं उड्डाणांमुळे तयार झाली असं म्हणणं अतिशयोक्ती होईल, पण भार नसतानाही ही साखळी चालते हे तिथे दिसलं. डिसेंबर २०१९ मध्ये गेलेल्या ४० उंदरांच्या प्रयोगात मायोस्टॅटिन (स्नायूंच्या वाढीला लगाम घालणारं प्रथिन) नसलेल्या किंवा तो मार्ग औषधानं अडवलेल्या उंदरांचे स्नायू टिकले, आणि औषध दिलेल्यांचं हाडही.

हे माणसात आणताना दोन गोष्टी आड येतात. डेनोसुमॅब थांबवलं की हाडांची झीज उसळून येते आणि मणके मोडू शकतात. तीन वर्षांच्या मोहिमेत साठा संपला किंवा एखादी मात्रा चुकली तर ते महागात पडेल. मायोस्टॅटिन अडवणाऱ्या औषधांनी रुग्णांचा स्नायू जाड झाला, पण चालण्या-उठण्याची क्षमता त्या प्रमाणात सुधारली नाही. स्थानकावर आज प्रत्यक्ष चालतं ते जड व्यायाम, पुरेसा आहार आणि काही जणांना आठवड्याला ७० मिलिग्रॅम अॅलेंड्रोनेट हे हाडांची झीज रोखणारं औषध.

अस्वल नेमकं काय करतं

अमेरिकन काळं अस्वल पाच ते सात महिने खात नाही, पीत नाही, मलमूत्र विसर्जन करत नाही. त्याचं तापमान मात्र फक्त ३० ते ३६ अंशांच्या दरम्यान राहतं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अलास्कातल्या मोजमापांत चयापचय नेहमीच्या विश्रांतीच्या २५ टक्क्यांवर आणि हृदयाचे ठोके मिनिटाला ५५ वरून १४ च्या आसपास आलेले दिसले. यातली महत्त्वाची नोंद अशी: तापमान इतकं थोडं उतरूनही चयापचय इतका खाली गेला. निव्वळ थंड केल्यानं दर अंशाला ६ ते १० टक्के घट मिळते, म्हणजे पाच अंशांना फार तर तीस-चाळीस टक्के. अस्वल आधी इंजिन मंद करतं, गारवा मागाहून येतो.

हाडांचं तंत्रही समजून घेण्यासारखं आहे. आपण अंथरुणाला खिळलो की हाड झिजवणं वाढतं, घडवणं वाढत नाही, आणि सुटलेलं कॅल्शियम लघवीतून जातं. अस्वलात दोन्ही क्रिया मंदावतात आणि एकमेकींशी जुळलेल्या राहतात. लघवीच बाहेर जात नसल्यानं कॅल्शियमही शरीरातच फिरतं. स्नायूंची ताकद १३० दिवसांत सुमारे २३ टक्क्यांनी उतरल्याचं मोजलं गेलं आहे. तितका काळ पूर्ण निश्चल राहिलेल्या माणसाचं नुकसान याच्या कितीतरी पट असेल.

नव्यानं उजेडात आलेला भाग रक्ताच्या गाठींचा. अकरा अंतराळवीरांच्या तपासणीत सहा जणांच्या मानेतल्या शिरेत रक्त साचलेलं किंवा उलटं वाहत असलेलं दिसलं, आणि एकाला गाठ झाली होती. हा निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि सगळेच सावध झाले. महिनोन् महिने न हलणाऱ्या अस्वलाला गाठी का होत नाहीत? २०२३ मध्ये उत्तराचा एक धागा मिळाला: हिवाळ्यात त्याच्या प्लेटलेटांमध्ये एचएसपी-४७ हे प्रथिन पन्नासहून जास्त पटींनी कमी होतं. मज्जारज्जूच्या दुखापतीमुळे वर्षानुवर्षं हालचाल नसलेल्या माणसांतही ते कमी आढळलं. म्हणजे कळ माणसातही आहे, फक्त ती वळायला वेळ लागतो. मला वाटतं अस्वलांच्या अभ्यासातून पहिलं औषध आलंच तर ते निजवण्याचं नसेल, गाठी रोखण्याचं असेल.

माणसाला निजवायचं म्हटलं तर

समजा ८० किलोचा माणूस आहे. विश्रांतीत त्याला दिवसाला सुमारे १,७०० किलोकॅलरी लागतात. अस्वलासारखा पाव भाग धरला तर ४२५. १८० दिवसांचे ७६,५०० किलोकॅलरी, म्हणजे साधारण १० किलो चरबी (तिच्या ऊतीतलं पाणी धरून). ती निघण्यापूर्वी अंगावर चढवता येईल. ऑक्सिजन दिवसाला ८४० ग्रॅमऐवजी सुमारे १३० ग्रॅम पुरेल. रोज ४७ ग्रॅम शुद्ध चरबी जळून ५० ग्रॅमच्या आसपास पाणीही तयार होईल. युरोपीय अंतराळ संस्थेच्या २०१९ च्या अभ्यासात अशा प्रवासानं यानाचं वस्तुमान एक तृतीयांशानं घटेल असा अंदाज निघाला होता. इथपर्यंत गणित सुरेख जमतं.

आता नायट्रोजन. दीर्घ उपासाला सरावलेलं माणसाचं शरीरही दिवसाला साधारण ४ ग्रॅम नायट्रोजन लघवीतून घालवतं. १८० दिवसांत ७२० ग्रॅम. त्याला ६.२५ नं गुणलं की साडेचार किलो प्रथिन, आणि स्नायूत प्रथिन पाचवा हिस्सा धरला तर बावीस किलो स्नायू. तेवढं गेल्यावर माणूस उरत नाही. चयापचयाबरोबर ही गळतीही पावपट झाली असं उदारपणे मानलं, तरी साडेपाच किलो स्नायू जातोच, आणि त्यात श्वासपटल आणि हृदयही आलं. शिरेतून प्रथिनं द्यायची तर सहा महिने नळी ठेवावी लागेल: जंतुसंसर्ग, यकृतात साचणारी चरबी, वापराविना आक्रसणारं आतडं.

अस्वल आणि खार हे कोडं आतड्यातल्या जीवाणूंच्या मदतीनं सोडवतात. युरिया आतड्यात उतरतो, जीवाणू त्याचा अमोनिया करतात, त्यातला नायट्रोजन अमिनो आम्लांच्या रूपानं परत यकृतात आणि स्नायूत जातो. २०२२ मध्ये तेरा पट्ट्यांच्या ग्राउंड स्क्विरलला, ही बिळात राहणारी खार, खूण केलेला युरिया देऊन हा माग काढला गेला. जीवाणू प्रतिजैविकांनी मारले की फेरवापर कोसळला, आणि हिवाळ्याच्या अखेरीस, स्नायूला गरज सर्वांत जास्त तेव्हा, त्याचा वेग अधिक होता. माणसाचं आतडंही थोडा युरिया फोडतं, पण बराचसा मूत्रपिंडांतून निघून जातो. हा मार्ग माणसात वाढवता आला तर त्याचा उपयोग न निजलेल्या अंतराळवीरालाही होईल. या विषयात मी पैसा लावायचा ठरवलं तर इथे लावेन.

निजवायचं कसं, याबाबत उंदरांवरचे निकाल पाहून हुरळून जाऊ नये. २००५ मध्ये ८० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ८० भाग) हायड्रोजन सल्फाइड हुंगवलेल्या उंदरांचा चयापचय सहा तासांत सुमारे ९० टक्क्यांनी उतरला. मेंढ्या आणि डुकरांच्या पिलांवर तसा परिणाम मिळाला नाही. कारण आकारात आहे. २५ ग्रॅमच्या उंदराचा दर ग्रॅममागचा चयापचय ७० किलोच्या माणसाच्या सातपटींहून जास्त असतो. उंदीर ९० टक्के खाली आला म्हणजे माणूस पलंगावर पडून असतो त्याच्या थोडा खाली पोहोचला, इतकंच. तो जिथे उतरून थांबतो, तिथूनच आपली सुरुवात आहे. शिवाय १०० पीपीएम हायड्रोजन सल्फाइड माणसाच्या जिवाला तात्काळ धोक्याचं मानलं जातं.

२०२० मध्ये दोन गटांनी उंदराच्या मेंदूत सुप्तावस्था सुरू करणारे न्यूरॉन शोधले, २०२३ मध्ये त्याच भागावर अल्ट्रासाउंडचा मारा करून उंदराला चोवीस तास थंडावून ठेवता आलं. रॅट नैसर्गिकरीत्या सुप्तावस्थेत जात नाही, तरी त्याच्या मेंदूखोडातलं उष्णतानियंत्रण औषधानं दाबून तो थंडावता येतो, हे त्याआधीच दिसलं होतं. स्विच बहुतेक सस्तन प्राण्यांत असावा. पण तो दाबल्यावर बाकीचं शरीर साथ देईल का, ही वेगळी बाब. खारीतही हिवाळ्यात जे औषध तिला सुप्तावस्थेत नेतं, ते उन्हाळ्यात तिला नेत नाही. शरीराची आगाऊ तयारी लागते.

आर्क्टिक ग्राउंड स्क्विरलचं तापमान उणे २.९ अंशांपर्यंत जातं म्हणून तिचं नाव नेहमी पुढे येतं. माझ्या मते माणसासाठी तो चुकीचा नमुना. ती दर दोन-तीन आठवड्यांनी पूर्ण जागी होऊन शरीर तापवते आणि हिवाळ्यातली बहुतेक ऊर्जा त्या जागण्यांतच खर्च करते. सुप्तावस्थेत तिच्या पांढऱ्या पेशी रक्तातून जवळपास नाहीशा होतात, मेंदूतले काही जोड आक्रसतात, आणि जागल्यावर भरून येतात. मादागास्करचा जाड शेपटीचा छोटा लेमूर अधिक जवळचा: माणूस आणि माकडांच्या गणातला (प्रायमेट), सात महिन्यांपर्यंत झाडाच्या ढोलीत निजणारा, आणि ढोली दिवसा ३० अंशांवर तापत असेल तर मध्ये जागं व्हायची गरज नसलेला.

रुग्णालयात माणसाला ३२ ते ३४ अंशांवर ठेवलं जातं, पण एक-दोन दिवस, आणि तेही अतिदक्षता विभागात. थरथर दाबायला गुंगीची आणि कधी स्नायू शिथिल करणारी औषधं लागतात. न्यूमोनिया, पोटॅशियमची चढउतार, रक्त न गोठणं हे नेहमीचे धोके. परत तापवताना तासाला पाव अंशानं जायचं ठरवलं तर पाच अंशांना वीस तास. यानात आग लागली तर तेवढा वेळ कुणी देणार नाही. म्हणून एक-दोन जण कायम जागे ठेवावेच लागतील, आणि वस्तुमानाची बचत तिथेच आटते.

जिराफ, साप, मासा

जिराफाच्या हृदयाजवळ सरासरी रक्तदाब २०० मिलिमीटरच्या आसपास, आपल्या दुप्पट. तरी पाय सुजत नाहीत, कारण पायांची त्वचा आणि खालचं आवरण घट्ट विणीच्या मोज्यासारखं आवळलेलं असतं. १९८७ मध्ये हे मोजणाऱ्या हारगेन्स यांनीच पुढे शरीराच्या खालच्या भागावर निर्वात दाब लावून रक्त पायांकडे ओढण्याच्या यंत्रांवर काम केलं. परतीच्या प्रवासात पाय आणि पोट आवळणारे कपडे घालतात आणि उतरण्याच्या दोनेक तास आधी मिठाच्या गोळ्यांसह लिटरभर पाणी पितात, ते उभं राहिल्यावर चक्कर येऊ नये म्हणून. झाडांवर चढणाऱ्या सापांचं हृदय डोक्याजवळ असतं, पाण्यात राहणाऱ्यांचं मध्याकडे. पाण्यात रक्ताचा स्तंभ तोलला जातो, त्यामुळे तिथे सुधारणेचा दबाव नव्हता. टोडफिशच्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या चेतातंतूंची संवेदना उड्डाणानंतर पहिल्या दिवशी सुमारे तिप्पट झालेली आढळली आणि साधारण ३० तासांत पूर्ववत झाली. अंतराळवीराला पहिल्या दिवशी डोकं हलवलं की जग फिरतं, त्याच्याशी हे चांगलं जुळतं.

डोळ्यांच्या बाबतीत मात्र प्राणी फारसा कामाचा नाही. दीर्घ मोहिमांत काही अंतराळवीरांच्या डोळ्याच्या मज्जातंतूच्या मुळाशी सूज येते. उंदराच्या मज्जातंतूच्या मुळाशी माणसासारखी कोलॅजनची जाळी नसते, आणि चार पायांवर चालणाऱ्या उंदराचं डोकं हृदयाच्या फारसं वर कधी नसतंच. इथे माणसालाच सहा अंश डोकं खाली करून साठ दिवस झोपवण्याचे प्रयोग अधिक सांगतात.

किरणोत्सर्गाचंही थोडं तसंच. क्युरिऑसिटी या मंगळगाडीवरच्या उपकरणाच्या मोजमापावरून मंगळाच्या नुसत्या जाण्या-येण्यात सुमारे ०.६६ सिव्हर्ट (किरणोत्सर्गाच्या मात्रेचं एकक) मिळतात. नासाची पूर्ण कारकिर्दीची मर्यादा ०.६ आहे. अमेरिकेतल्या ब्रुकहेवनच्या प्रयोगशाळेत जड आयनांच्या थोड्या मात्रेनंही उंदरांची स्मृती बिघडलेली दिसली. पण ती मात्रा बहुधा मिनिटांत दिलेली असते. दोन-तीन वर्षांत विखुरलेल्या त्याच मात्रेत पेशींना दुरुस्तीला वेळ मिळतो, म्हणून मथळ्यातला आकडा वाचताना मात्रेइतकाच तिचा वेग पाहायचा.

किती गुरुत्व पुरेल?

यापुढे प्राण्यांकडून सर्वांत जास्त मिळेल ते या एका प्रश्नावर. १९७७ च्या कॉसमॉस-९३६ मध्ये रॅटना सेंट्रिफ्यूजमध्ये ठेवून कक्षेतच पृथ्वीइतका भार देऊन पाहिलं होतं. जपानी संस्थेनं स्थानकावर उंदरांसाठी फिरता पिंजरा बसवला. २०१६ मध्ये १२ उंदीर, सहा भारहीन आणि सहा १ जी वर (पृथ्वीइतक्या भारात), ३५ दिवस राहून सगळे जिवंत परतले. फिरत्या गटानं मुख्य अडचण सोडवली: दोन्ही गटांना प्रक्षेपणाचा धक्का, हवा, खाद्य, परतीचा प्रवास सारखाच होता, फरक फक्त भाराचा. पुढे त्याच यंत्रात चंद्राइतका, म्हणजे एक षष्ठांश भार देऊन पाहिला. सोलियसचं आकारमान टिकलं, पण त्याच्या मंद, न थकणाऱ्या तंतूंचं जलद तंतूंकडे होणारं रूपांतर थांबलं नाही. म्हणजे चंद्रावर महिनोन् महिने राहिलेल्या माणसाच्या पोटरीचा घेर मोजून निर्धास्त होता येणार नाही. घेर तोच राहील आणि माणूस लवकर थकेल. तिथल्या तपासणीत टेपबरोबर थकव्याची चाचणी, ठरावीक भार किती वेळा उचलता येतो ती, पहिल्या महिन्यापासून ठेवावी लागेल. मंगळाच्या ०.३८ जी साठी हाच प्रयोग प्रौढ वयाच्या नर आणि मादी दोन्ही उंदरांवर, हाडांची मोजणी धरून, करायला हवा.